पियानोत पाण्याचा पेला ठेवण्याआधी

गणपतीच्या तोंडावर कोकणातली बंद घरे उघडू लागली, की एखाद्या घराच्या ओटीवर वर्षभर झाकून ठेवलेला जुना पियानोही उघडतो, आणि त्याच सुमारास एक ठरलेला संदेश मोबाइलवर फिरू लागतो. पियानोचा सूर लावणारा ट्यूनर पहिल्यांदा घरी येण्याआधी काय करावे, हे सांगणाऱ्या त्या संदेशात पाच गोष्टी ठामपणे मांडलेल्या असतात: पियानोच्या आत पाण्याचा पेला ठेवावा, खुंट्यांना आणि अडकणाऱ्या पट्ट्यांना तेलाचा थेंब द्यावा, न वाजवलेल्या पियानोचा सूर उतरत नाही, म्हणून काम तासाभरात आटोपते, ट्यूनर न मिळाल्यास पेटी लावणारा कारागीर चालतो, आणि तोही नसल्यास मोबाइलचे अ‍ॅप पुरते. यांतल्या शेवटच्या दाव्यात थोडेफार तथ्य आहे. बाकीचे चार दावे ऐकले, तर पियानोचे नुकसान तरी होते किंवा बोलावलेल्या माणसाचा दिवस तरी वाया जातो.

पाण्याचा पेला हा थंड देशांतला तोडगा आहे. तिथे हिवाळ्यात खोल्या सतत गरम ठेवतात, हवा कोरडी पडून लाकूड आकसते, म्हणून उभ्या पियानोच्या तळाशी पाण्याचे भांडे ठेवण्याची रीत पडली. पियानोला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्याही वर जाते आणि जांभ्याच्या भिंतींना हात लावला तर ओल लागते. अशा घरात पियानोत पाणी ठेवणे म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. काही जण आत कमी वॅटचा दिवा जळत ठेवतात. ते त्यामानाने शहाणपणाचे, पण तो ट्यूनर येण्याच्या आदल्या दिवशी लावू नये, कारण लाकूड सुकत असतानाच लावलेला सूर टिकत नाही.

सूर वाजवल्यामुळेच उतरतो, हा समज तर मुळातच चुकीचा आहे. ८८ पट्ट्यांच्या पियानोत सुमारे २२० ते २३० तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण १५ ते २० टन भरतो. झाकण उघडा किंवा न उघडा, हा ताण रात्रंदिवस चालूच असतो. शिवाय तारांचा आवाज मोठा करणारी पातळ लाकडी फळी, म्हणजे साउंडबोर्ड, पावसात फुगते तेव्हा मधल्या सप्तकांचा सूर चढतो, आणि हवा कोरडी झाली की उतरतो. वर्षानुवर्षे न लावलेल्या पियानोचे सगळेच स्वर खाली आलेले असतात. अशा वेळी ट्यूनर आधी एक ढोबळ फेरी करून ताण वाढवतो आणि मगच बारीक सूर लावतो. गंजलेली तार या ओढाताणीत तुटूही शकते, आणि तो दोष त्याचा नसतो. या कामाला दोन-तीन तास धरावेत, आणि काही महिन्यांनी दुसरी फेरी लागेल हेही गृहीत धरावे.

तेलाबद्दल मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. आमच्या पियानोची मधली एक पट्टी दाबली की खालीच राहायची, म्हणून मी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब आत सोडले. पट्टी दोन दिवस चालली आणि मग शेजारच्या दोघींना घेऊन बसली. झाले होते ते असे, की सांध्यातला लोकरी नमदा दमट हवेने आधीच फुगला होता, आणि तेल पिऊन तो आणखी जड झाला. खुंट्यांना तेल देणे तर याहून वाईट, कारण खुंटी लाकडात घट्ट रुतून बसते म्हणूनच तार ताणलेली राहते; तेल त्या लाकडात मुरले की खुंटी सुटते आणि मग कोणाच्याच हाताने सूर थांबत नाही.

पेटीच्या कारागिराचा हात कितीही कसबी असो, त्याची विद्या वेगळी आहे. पेटीचा स्वर आतली पितळी पट्टी (रीड) घासून लावतात, आणि एक पट्टी घासल्याने दुसरीचा स्वर हलत नाही. पियानोत एका भागाचा ताण वाढवला की त्याचा परिणाम इतर तारांवर होतो.

अ‍ॅपने मात्र एक काम जरूर करावे. मधल्या सप्तकातला ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झवर असायला हवा. तो किती खाली आहे, ते पाहून ट्यूनरला आधीच फोनवर कळवावे. त्यासोबत कोणत्या पट्ट्या अडकतात, कोणत्या मुक्या आहेत आणि शेवटचे ट्यूनिंग कधी झाले, हेही सांगावे. प्रत्यक्ष सूर अ‍ॅपच्या भरवशावर लावू नये, कारण बहुतेक पट्ट्यांना दोन-तीन तारा असतात आणि त्या एकमेकींशी मिळवणे हे सरावलेल्या कानाचे काम आहे.

खरी तयारी त्या संदेशात नाहीच. झाकणावरच्या तसबिरी आणि फुलदाण्या आदल्या रात्री उतरवून ठेवाव्यात आणि उजेडाची सोय करावी. छताचा पंखा बंद ठेवावा, कारण जुळत नसलेल्या दोन तारांच्या आवाजात जो हेलकावा येतो तोच ऐकून ट्यूनर काम करतो, आणि फिरती पातीही आवाजाला तसाच हेलकावा देतात. आत कोणी विळीवर नारळ खवत बसले तरी चालेल. मिक्सर मात्र ट्यूनर निघून जाईपर्यंत लावू नये.