‘घर आहे की भंगाराचं गोदाम?’ – पेठकरांना उत्तर

पेठकर, तुम्ही नाव दिलं नाहीत, खाली नुसतं ‘शनिवार पेठ’ लिहिलंत, म्हणून हे नाव मीच ठेवलं. राग नसावा.

जुनं सामान जोडून मी माळ्यावर आर्केड, म्हणजे पूर्वीच्या पार्लरसारखी व्हिडिओ गेमची खोली केली. तिच्यावर मी लेख लिहिला, त्यावर तुमचे आक्षेप चार. खोली भंगाराच्या गोदामासारखी दिसते. पाडलेल्या वाड्याचं लाकूड घेऊन मी वाडे पाडणाऱ्यांना हातभार लावतो. जुना रंग आणि टीव्हीची पिक्चर ट्यूब याबाबत मी बेफिकीर आहे. आणि दारावरचा कडी-कोयंडा उलटा बसवलाय.

तिसरा आक्षेप शंभर टक्के मान्य, म्हणून आधी तोच. वाड्याच्या त्या जुन्या दाराच्या फळ्या मी गॅलरीत बसून कोरड्याच पॉलिश पेपरने घासल्या. वर हिरवा ऑइलपेंट, त्याखाली तपकिरी, त्याखाली आणखी एक निळसर थर. तेव्हा काय कौतुक वाटलं होतं, आजोबा-पणजोबांचे रंग निघतायत म्हणून! घरगुती रंगातल्या विषारी शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून आली. त्याआधीच्या थरांत शिसं असेलच असं धरून चालायला हवं होतं. घासलं की ते धुळीत येतं, आणि मी ती धूळ झाडूने काढली, म्हणजे घरभर केली. घरात सहा वर्षांची भाची येऊन-जाऊन असते. उरलेल्या दोन फळ्या आता घासणार नाही. ओल्या फडक्याने पुसून, वरून पारदर्शक लॅकर मारून तो रंग तसाच बंद करतो. मूळ लेखातला तो परिच्छेदही बदललाय.

ट्यूबचंही तसंच. चालू असलेला 21 इंची टीव्ही गेमच्या लाकडी डब्यात मागून स्क्रूने बंद आहे, त्याची काळजी नाही. रंगीत ट्यूबला 20-25 हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही त्यातला काही विजेचा दाब राहतो, म्हणून त्या डब्याला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. चूक केली ती बंद पडलेल्या दुसऱ्या ट्यूबची. ती भंगारवाल्याला दिली, आणि तो मानेवरची तांब्याची कॉइल काढायला काच फोडणार हे मला कळायला हवं होतं. त्या काचेतही शिसं असतं. पुढची ट्यूब नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडेच जाईल.

आता गोदामाकडे येतो, कारण इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. तुम्ही लिहिलंत, आर्केड म्हणजे निऑन, चकचकीत चित्रांची मशीन, काळी गुळगुळीत फरशी. कुणाचं आर्केड? अमेरिकेतल्या मॉलमधलं. मी ज्या पार्लरमध्ये शाळेची डबा खायची सुट्टी घालवली ते सायकलच्या दुकानामागे होतं, दाराला पडदा, आत चार डबे. डबे इथल्याच सुताराने प्लायवुडचे केलेले, वर तपकिरी सनमायका, कडा उचकटलेल्या. कुठलंही चित्र नाही. असायची सोयच नव्हती, कारण आतला गेम बदलत राहायचा. 1985 च्या सुमारास जपानमधल्या कंपन्यांनी गेमच्या सर्किट बोर्डाला 56 पिनांचा एकच कनेक्टर ठरवला. म्हणजे जुना बोर्ड उपसा, दुसरा खोचा, डबा तोच. त्याच डब्यात आधी ‘स्ट्रीट फायटर टू’, मग ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. हे दुसरं नाव आम्हाला पुढे पंचवीस वर्षांनी कळलं. आम्ही त्याला ‘मुस्तफा’च म्हणायचो, पिवळ्या टोपीवाल्या पात्रावरून.

थोडक्यात, आमचं आर्केड मुळातच जोडाजोडीचं होतं. कुणाचा बोर्ड, कुणाचा टीव्ही, बसायला लोखंडी स्टूल. ते नव्या निऑनने सजवलं तर तो दुसऱ्याच कुणाच्या बालपणाचा फोटो होईल. म्हणून खोलीत शिलाई मशीनच्या बिडाच्या स्टँडवर टेबल-गेम बसवलाय (पायाचं पॅडल मुद्दाम चालू ठेवलंय, हरताना पाय हलवायला काहीतरी लागतं). म्हणून बंद झालेल्या टॉकीजच्या तीन जोडखुर्च्या, ज्यांतली मधली अजून करकरते. बटणं आणि जॉयस्टिक तेवढी नवी, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. जुन्या जॉयस्टिकच्या आतली छोटी बटणं (मायक्रोस्विच) झिजलेली असतात, आणि ‘टक’ असा आवाज आला नाही तर मुस्तफाची उडीच जमत नाही.

वाड्याचा मुद्दा मला जास्त लागला. दार मी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारातून घेतलं, एका बुधवारी, 4,200 रुपयांना. कुठल्या वाड्याचं ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. पण दारासाठी कुणी वाडा पाडतं, हे पटत नाही. 1961 च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे तेव्हाच गेले. उरलेल्यांत 1947 च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, मालकाला कौलं बदलायला परवडेना, भाडेकरू सोडेनात, भावाभावांत वाटण्या अडल्या. शेवटी बिल्डर आला. कडीपाट (लाकडी तुळया-फळ्यांचं छत) उतरतो तेव्हा सगळा हिशेब आधीच झालेला असतो. मी दार घेतलं नसतं तर ते चिरफाळून जळणात किंवा फळ्या होऊन दुसऱ्या कुणाच्या फर्निचरमध्ये गेलं असतं.

तरी एक कबूल करतो. दाराची एक फळी मी बटणांच्या पाटीसाठी कापली. सागवान तसं आता मिळत नाही, आणि कापताना करवत एका जुन्या खिळ्यावर गेली तेव्हाच सुतारमामा म्हणाले, “अहो, ही कशाला कापता, आठशे रुपयांत नवं प्लाय येतं.” त्यांचं ऐकायला हवं होतं. तिथे सजावट संपली होती, हौस सुरू झाली होती. एवढ्यापुरतं ‘नासधूस’ हा तुमचा शब्द मी घेतो.

राहिला कडी-कोयंडा. तुमचं बरोबर. कडी फळीला असते आणि कोयंडा चौकटीला, मी नेमकं उलट केलंय. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा मलाही हसू आलं. रविवारी काढून नीट बसवतो, पण जुनी भोकं मोठी झालीत. त्यांत लाकडाची खुंटी ठोकून त्याच जागी बसवू, की दोन बोटं वर सरकवू? आपल्या वाड्यात कसं होतं, तेवढं लिहा.