‘एमआरआय नॉर्मल, म्हणजे मेंदू सुटला’ असं सांगणाऱ्या मजकुराबद्दल

सध्या एक मजकूर फिरतोय. कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेला माणूस शुद्धीवर आला, रक्तातला वायू उतरला आणि एमआरआय नॉर्मल निघाला, की मेंदूला काही झालेलं नाही. महिन्याभराने तो विसरायला लागला तर तो मनाचा धसका. आणि मेंदूतल्या ग्लोबस पॅलिडस या भागावर डाग दिसला तर जन्माचं अपंगत्व.

आधी एमआरआयचं, कारण सगळी मदार त्यावरच आहे. या विषबाधेत मेंदूला इजा दोन टप्प्यांत होऊ शकते. पहिली लगेचची, ऑक्सिजन तुटल्याने. तिचा नेहमीचा बळी ग्लोबस पॅलिडस, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणारा, मेंदूत खोलवर दोन्ही बाजूंना असलेला भाग. दुसरी इजा मागून येते. पेशींच्या पडद्यांतल्या चरबीची नासाडी होते, दाह सुरू होतो. मायलिनमधल्या, म्हणजे मज्जातंतूंवरच्या आवरणातल्या, एका प्रथिनाचं रूप बदलतं आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यालाच परकं समजू लागते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. मज्जातंतूंवरचं आवरण असं झिजायला दिवस, आठवडे लागतात.

त्यामुळे पहिल्या दिवशीचा नॉर्मल एमआरआय चुकलेला नसतो. त्या दिवशी दिसण्यासारखं काही झालेलंच नसतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लक्षणं दिसल्यावर त्याच माणसाचा स्कॅन पुन्हा केला, तर फ्लेअर या एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रांत वेंट्रिकल्सच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या) कडेने आणि सेंट्रम सेमिओव्हालेमध्ये, म्हणजे त्यांच्या वरच्या व्हाइट मॅटरमध्ये (मज्जातंतूंच्या जुड्यांच्या भागात), दोन्हीकडे जवळजवळ सारखाच पसरलेला पांढरेपणा दिसतो. पाण्याची हालचाल टिपणाऱ्या डिफ्यूजनच्या चित्रांतही तो बऱ्याचदा उजळतो. स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे एमआरआयवरच मेंदूतली रसायनं मोजणारी तपासणी, केली तर कोलीन वाढलेलं आणि एन-अ‍ॅसिटाइल अ‍ॅस्पार्टेट घटलेलं सापडतं: पहिलं पेशींचे पडदे मोडत असल्याची खूण, दुसरं चेतापेशी खचल्याची. सीटीवर यातलं बरंचसं निसटतं, म्हणून ‘सीटी क्लिअर आहे’ हा दिलासा तर आणखीच पातळ.

‘धसका’ म्हणणाऱ्यांनी लक्षणांची यादी तरी बघावी. माणूस गप्प-गप्प होतो, रोजची वाट चुकतो, पावलं घासत चालतो, अंग ताठरतं, कपड्यात लघवी होते. धसक्याने पावलं घासत नाहीत! मधले दिवस तो अगदी ठणठणीत असतो, आणि फसगत होते ती नेमकी तिथेच. नव्या डॉक्टरांना मागची घटना कुणी सांगतच नाही, मग नैराश्य किंवा डिमेन्शियाचं लेबल लागतं.

१९८३ साली कोरियातून प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे मधलं अंतर २ ते ४० दिवसांचं होतं, सरासरी सुमारे तीन आठवडे. २,३६० बाधितांपैकी ६५ जणांना हा उशिराचा त्रास झाला. म्हणजे बहुतेकांना होत नाही, इथवर मजकूरवाल्यांचं बरोबर. पण त्यातल्या रुग्णालयात दाखल झालेल्यांपुरतं पाहिलं तर प्रमाण ११.८ टक्क्यांवर जातं.

रक्ताचा मुद्दा थोडक्यात. साध्या हवेत कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, चार-पाच तासांत निम्मं होतं, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तासात. आकडा उतरला म्हणजे रक्त साफ झालं, एवढंच. सुरुवातीचा आकडा किती होता यावरूनही पुढे काय होईल ते नीट सांगता येत नाही. बोटाला लावायचा साधा पल्स ऑक्सिमीटर तर हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनवालंच समजतो आणि विषबाधा चालू असतानाही ९८ दाखवू शकतो.

राहिला डाग. ग्लोबस पॅलिडसवर डाग असूनही नीट चालणारी-बोलणारी माणसं आहेत, आणि तो नसतानाही उशिराचा त्रास झालेली आहेत. त्या कोरियन पाहणीत ज्या ३६ जणांचा पुढे मागोवा घेतला, त्यांच्यातले ७५ टक्के वर्षभरात बरे झाले. व्हाइट मॅटरमधला पांढरेपणाही काही महिन्यांत फिका पडू शकतो. काहींच्या बाबतीत माणूस सुधारतो आणि स्कॅन मात्र मागे रेंगाळतो.