सगळं तपासलं, संडास सोडून

ठाण्यातल्या आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या जंतांवरून जुंपली आहे. निमित्त नौपाड्यातल्या आत्याचं. तिची शुगर जुनी, आणि गेले काही महिने पोट सारखं बिघडतंय. वहिनीचं म्हणणं, शाळेत मुलांना देतात तशी जंताची गोळी दर सहा महिन्यांनी घरातल्या सगळ्यांनीच घ्यावी. भावाच्या मते जुलाब मेटफॉर्मिन या तिच्या शुगरच्या गोळीमुळे आहेत, ती बंद करा. आतोबांनी एका ओळीत विषय संपवला: "आपल्या पोटांना सवय असते."

तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही.

आधी गोळी. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला होतो आणि तो १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी आहे. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी गोलकृमी, अंकुशकृमींवर चालते. साठीतल्या शुगरच्या बाईचं पोट महिनोन् महिने बिघडत असेल, तर संशय अमिबा आणि जिआर्डिया या डोळ्यांना न दिसणाऱ्या परजीवींवरही घ्यावा लागतो. त्या एका गोळीने अमिबाचं काही वाकडं होत नाही, आणि जिआर्डियाला एक डोस पुरत नाही. म्हणजे गोळी घेतल्याचं समाधान मिळतं आणि दुखणं तिथेच राहतं.

मेटफॉर्मिनने जुलाब होतात हे खरं, पण बहुतेकदा सुरुवातीला किंवा डोस वाढवल्यावर. वर्षानुवर्षं पचलेली गोळी अचानक बाधायला लागली, तर आधी दुसरं काही आहे का ते बघायला हवं. शुगरने आतड्याच्या नसा बिघडूनही जुलाब होतात, कधी तर रात्री झोपेतून उठावं लागतं. औषध, नसा की परजीवी, हे बाहेरून कळत नाही. तरीही आत्याच्या चेकअपच्या जाडजूड फायलीत थायरॉइड आहे, व्हिटॅमिन डी आहे, आणि संडासची तपासणी एकदाही नाही. शुगरचा आकडा ती लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगते, पण ती डबी घेऊन लॅबमध्ये जायचं म्हटलं की मान खाली.

सवयीबद्दल बोलायचं तर आत्याचा सकाळचा रस बघा. तलावपाळीला फेरी मारून आल्यावर ती रसवाल्याकडे थांबते. स्टीलचे डबे ओळीने मांडलेले, एकात कारलं, एकात दुधी, एकात हिरवागार पालक. पेले एकाच बादलीत बुचकळून पुन्हा ओळीत. हा रस सगळ्यात जास्त पितात शुगरवाले, आणि कच्चा पितात. रेल्वे रुळांलगतच्या पट्ट्यांवर नाल्याच्या पाण्यावर पोसलेल्या पालेभाज्यांच्या बातम्या आपण सगळ्यांनी कधीपासून वाचल्या आहेत. तोच पालक घरी शिजवून पातळ भाजी केली तर परजीवींच्या बाबतीत प्रश्न मिटतो. पाणीपुरीवाल्याला शिव्या घालणारे लोक आरोग्याच्या नावाखाली हा पेला रिकामा करतात, याची मला गंमत वाटते.

मी इंग्लंडात राहते म्हणून इथलं सगळं निर्मळ, असंही नाही. मे २०२४ मध्ये डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅम भागात नळाच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम निघाला आणि हजारो घरांना कित्येक आठवडे पाणी उकळून प्यावं लागलं. हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, उकळीला देतो. शिवाय इथे डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत पोट आपलं आपणच बरं होतं. ठाण्यात सकाळी नमुना दिला की रिपोर्ट बहुधा संध्याकाळी हातात. ही सोय असून वापरायची नाही, याला काय म्हणावं? फक्त एका नमुन्यावर भरवसा ठेवू नये. परजीवी रोज बाहेर पडतीलच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशींचे तीन नमुने द्यावेत.

इथली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. शुगरच्या पेशंटला आजारपणातले नियम समजावून देतात: जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं, तर मेटफॉर्मिनसारख्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, शुगर वरचेवर मोजायची, इन्सुलिन मात्र मनाने बंद करायचं नाही. आत्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. पोट बिघडलं की ती जेवण सोडायची, पण शुगर उतरवणारी दुसरी गोळी मात्र नेमाने घ्यायची. तशाने शुगर धाडकन खाली येते.

आकडेही फसवतात. अंकुशकृमी आतड्यातून रक्त पितात, अंगातलं लोह घटतं, आणि लोह कमी असलं की एचबीएवनसी, म्हणजे शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, असतो त्याहून जास्त दिसू शकतो. मग डॉक्टर डोस वाढवतात आणि पेशंट पथ्यावरून बोलणी खातो.

एका चुलतभावाने ग्रुपवर आणखी एक पिल्लू सोडलं: चेन्नईतल्या संशोधकांना मधुमेहींमध्ये हत्तीरोगाच्या जंतांचा संसर्ग कमी आढळला होता, तेव्हा जंत राहू द्या की! संशोधन खरं आहे, विषय कुतूहलाचाही आहे. पण कुठले जंत आणि कुठल्या पोटात, हे न बघता त्यावरून घरगुती निष्कर्ष काढायचा नसतो. शुगरवाल्यांमध्ये परजीवी जास्त सापडतात का, यावरही अभ्यासांचं एकमत नाही.

मला खरी धास्ती आहे ती स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या जंताची. गावी अनवाणी चालताना तो कातडीतून शिरतो आणि आतल्या आत पुन्हा पुन्हा संसर्ग करत दशकानुदशकं टिकतो. संडासच्या साध्या तपासणीत अनेकदा सापडत नाही, त्यासाठी रक्ताची वेगळी चाचणी लागते, आणि औषधही आयव्हरमेक्टिन. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, तर तो अंगभर पसरून जिवावर उठू शकतो. म्हणून इंग्लंडात, भारतात जन्मलेल्या माणसाच्या रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, की डॉक्टरांनी हा संशय घ्यावा अशी अपेक्षा असते. आत्याचे गुडघे गेलेत, स्टिरॉइडचं बोलणं चालू आहे. इओसिनोफिलचा आकडा सीबीसी या रक्ताच्या साध्या तपासणीत असतो. तिच्या फायलीत तो दर वर्षी छापून आलाय, आणि अजून कुणी वाचलेला नाही.