हात मागे घ्या!

42 फोटो काढले आणि त्यातल्या 29 फोटोंत एक कोपर आहे. निळ्या बाहीचं, बाहीवरची शिवण मोजता येईल इतकं स्वच्छ, फोकसमध्ये अगदी नेमकं बसलेलं. त्याच्यामागे जे रंगीत डाग दिसतात ते सायकलस्वार. त्यांच्यासाठी मी पहाटे चारला उठले होते.

सकाळपासून डोक्यात तिडीक गेलीय ती जात नाहीये, म्हणून लिहितेय.

ते वळण मी आधीच्या आठवड्यात दोनदा जाऊन पाहिलं होतं. शर्यत उन्हं वर आल्यावर असली की हेल्मेटची सावली पडते, खाली काळा गॉगल, आणि फोटोत चेहरा म्हणून फक्त एक हनुवटी उरते. या वळणावर सकाळचं तिरपं ऊन समोरून येतं आणि हेल्मेटच्या कडेखालून थेट तोंडावर पडतं. दात आवळलेले, मिशीवरचा घाम, कोणाची नजर पुढच्याच्या चाकावर आणि कोणाची वळणाच्या पार पलीकडे, हे सगळं दिसतं. हे ऊन तिथे जेमतेम अर्धा तास टिकतं. त्या अर्ध्या तासात सायकलस्वारांचा मुख्य घोळका एकदाच येणार होता. मी वळणाच्या आतल्या बाजूला, कडेपासून चांगली दीड मीटर मागे, गुडघा टेकून बसले. डांबरावरच्या एका ठिगळावर फोकस धरून पाहिला. शटर 1/1000, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडणारं. येणाऱ्या-जाणाऱ्या मोटरसायकलींवर सराव केला. अडीच तास तशीच बसून होते, पाण्याची बाटलीसुद्धा उघडली नाही, कारण मधेच उठावं लागलं असतं.

आधी शर्यतीच्या पुढे धावणारी पायलट मोटरसायकल आली. मग पुढे निसटलेले तिघं आले, त्यांचे फोटो ठीक मिळाले. मग मिनिटभर शांतता. आणि मग तो आवाज. ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. वळणाआधी सगळे एकदम पायडल मारायचं थांबवतात आणि मागच्या चाकांतली शंभर फ्रीव्हील एकाच वेळी कडकडायला लागतात. माझ्या छातीत अजूनही दर वेळी धस्स होतं. बोट बटणावर होतं. पहिला स्वार आत झुकला, त्याचा गुडघा बाहेर आला, ऊन चेहऱ्यावर पडलं, आणि माझ्या उजव्या बाजूने एक माणूस दोन पावलं पुढे आला. त्याने हात लांब करून मोबाइल रस्त्यावर धरला.

नुसता उचलून नव्हे, रस्त्यावर! कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे!

कॅमेऱ्याच्या फोकसला बिचाऱ्याला काय कळणार? मध्ये क्षणभर काही आडवं आलं तर त्याकडे दुर्लक्ष कर, असं सेटिंग मी केलेलं असतं. पण हात क्षणभर आला नव्हता, तो मुक्कामाला आला होता. फोकसने थोडा वेळ तग धरला आणि मग तो कोपरावर जाऊन बसला. मी ओरडले, "अहो दादा, हात मागे!" त्याला ऐकू गेलं नाही. त्याची नजर मोबाइलच्या पडद्यावर होती. घोळका पंधरा-वीस सेकंदांत निघून गेला. उन्हाची तिरीप अजून तिथेच होती, रस्ता मात्र रिकामा.

आणि मग, हे खरंच घडलं, तो वळून मला म्हणाला, "ताई, भारी कॅमेरा आहे हो तुमचा. माझं नीट नाही आलं. तुमचे पाठवता का?"

मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर थांबले नसते.

फोटो गेला याचा राग आहेच, तो मी लपवत नाही. पण त्याहून मोठा राग वेगळा आहे. तो हात जिथे होता तिथे काही क्षणांनी एका पोराचा खांदा आला. सायकल वळणात झुकते तेव्हा चाक कडेपासून दोन वीत लांब असलं तरी डोकं आणि खांदा कडेच्या बाहेर आलेले असतात. घोळक्यात त्याच्या डावीकडे माणूस, मागे माणूस. सरकायला जागा नसते. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. "अरे" म्हणेपर्यंत तो तुमच्यावर येऊन पडलेला असतो, आणि त्याच्यावर मागचे दहा. त्या पोराने मान आत घेतली म्हणून वाचला. माझ्या 31व्या फोटोत ती आत घेतलेली मान आहे. घोळक्याचा तेवढा एकच फोटो शार्प आलाय, आणि तो बघवत नाही.

मोबाइलवाल्यांना हे कळतच नाही, कारण मोबाइलची लेन्स वाइड असते. पडद्यावर सायकलवाला लांब दिसतो, लहान दिसतो. म्हणून माणूस अजून पुढे सरकतो, अजून हात लांब करतो. डोळ्यांनी बघितलं असतं तर पाय आपोआप मागे आले असते. पडद्यातून बघू नका, एवढंच माझं मागणं आहे. एकदा तरी नुसत्या डोळ्यांनी बघा!

आणि हे काही आजचं नाही. 1994च्या टूर द फ्रान्समध्ये आर्मांतिएर गावातल्या स्प्रिंटमध्ये, अंतिम रेषेकडच्या शेवटच्या झेपेत, बंदोबस्ताचा पोलीसच फोटो काढायला पुढे झुकला. नेलिसन नावाचा स्वार त्याच्यावर आदळला, जलाबेअर या दुसऱ्या स्वाराचं तोंड फुटलं, आणि दोघांचीही शर्यत पहिल्याच टप्प्यात संपली. 1999 साली त्याच शर्यतीत आल्प द्युएझच्या चढावर जुझेप्पे गुएरिनी एकटा पुढे होता, तेव्हा समोर रस्त्यातच फोटो काढत उभ्या राहिलेल्या एका प्रेक्षकाने त्याला पाडलं. गुएरिनी उठला आणि तो टप्पा जिंकला, हे त्याचं मोठेपण. 2021च्या टूरमध्ये पहिल्याच दिवशी एक बाई टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे तोंड आणि घोळक्याकडे पाठ करून पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभी राहिली. टोनी मार्टिन हा स्वार त्या पाटीवर धडकला आणि रस्ताभर माणसांचा आणि सायकलींचा खच पडला. 2023 मध्ये पुन्हा तेच, मोबाइल घेतलेला लांब हात, तो सेप कस या स्वाराला लागला आणि ढीग झाला. जगातली सगळ्यात मोठी शर्यत, तिथे ही गत. मग आमच्यासारख्यांच्या शर्यतींत, जिथे अख्ख्या वळणाला एक मार्शल आणि एक शिट्टी, तिथे कोण कोणाला अडवणार?

हौशी फोटोग्राफरही यात धुतल्या तांदळाचे नाहीत, हेही सांगते. लांब लेन्समधून उलटं होतं. स्वार फ्रेममध्ये भरून दिसतो आणि बाकीचं जग नाहीसं होतं. अंतिम रेषेजवळ बसलेले काही जण अजून एक फ्रेम, अजून एक फ्रेम म्हणत रस्त्यात सरकत जातात. मी तिथे भांडलेय. मोठमोठ्या लेन्सवाल्यांशी भांडलेय.

आता निघालंच आहे तर बाकीचंही ऐका.

"व्हिडिओ काढायचा आणि त्यातून फ्रेम उचलायची, सोप्पं!" हे सांगणारा प्रत्येक शर्यतीत भेटतो. अहो, व्हिडिओ साधारण 1/60 वर चालतो. तेवढ्या वेळात सायकल वीतभर पुढे गेलेली असते. कुठली फ्रेम उचलू? "बर्स्ट लावला की झालं", म्हणजे बटण दाबून धरून धडाधड फोटो घ्यायचे, असं म्हणणारे त्याचे चुलतभाऊ. सेकंदाला दहा फ्रेम घेतल्या तरी दोन फ्रेमच्या मध्ये सायकल जवळपास दीड मीटर सरकते, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या लांबीइतकी. नेमका तो क्षण, अंतिम रेषेवर सायकलचं चाक पुढे झोकण्याचा, बरोबर मधल्या फटीत पडतो. 2017च्या टूरमध्ये मार्सेल किटेलने एका टप्प्यात बोआसन हागेनला 6 मिलिमीटरने हरवलं होतं. ते दिसायला रेषेवर फोटो-फिनिशचा खास कॅमेरा लागतो. आपण बोट कधी दाबायचं हे शिकण्यात वर्षं घालवायची असतात, त्याला दुसरी वाट नाही.

आणि पॅनिंग! 1/60 वर, कमरेतून वळत, स्वाराच्या गतीशी आपली गती जुळवत काढलेला फोटो. चेहरा स्थिर, मागचं जग ओढलं गेलेलं, चाकांच्या आऱ्या फिरताना दिसतायत. पन्नासात एक जमतो. तो दाखवला की लोक म्हणतात, "मागचं हललंय." आणि 1/2000 वर काढलेला, ज्यात आऱ्या न् आऱ्या गोठलेल्या, सायकल स्टँडवर लावल्यासारखी उभी, त्याला मात्र "वा, काय क्लिअर!" मला तो फोटो बघवत नाही. त्या पोराने फुप्फुसं बाहेर येईपर्यंत पायडल मारलंय आणि फोटोत तो थांबलाय! वेग दिसायला हवा. तो दिसत नसेल तर मी तिथे गेलेच कशाला?

फोटो उचलून कोपऱ्यातलं नाव कापून टाकणाऱ्यांबद्दल लिहायला बसले तर रात्र सरेल. एवढंच सांगते, मला पैसे नकोत, नाव ठेवा. ज्या स्वाराचा फोटो आहे त्याने हक्काने मागावा, मी मोठ्या साइझमध्ये पाठवते, नेहमी पाठवत आलेय. यांतल्या कित्येक पोरांकडे शर्यतीतला स्वतःचा एकही फोटो नसतो. सगळ्यात शेवटी, झाडूगाडीच्या, म्हणजे मागे राहिलेल्यांना गोळा करणाऱ्या गाडीच्या, पुढे एकटा येणारा जो असतो ना, त्याच्याकडे तर नक्कीच नसतो. मी त्याच्यासाठी थांबते. आजही थांबले होते. तो आला तेव्हा ऊन वर चढलं होतं, चेहरा अर्धा सावलीत. तरी काढला. त्याने बघून मान हलवली.

पुढच्या रविवारी त्याच रस्त्यावर शर्यत आहे. संध्याकाळी आयोजकांना फोन केला आणि सांगितलं, त्या वळणाला आतल्या बाजूने दोर बांधा, रस्त्याच्या कडेपासून दोन मीटर मागे. ते म्हणाले, माणसं कमी आहेत, दोर कुठून आणायचा. म्हटलं, दोर मी आणते, खुंट्याही आणते, पाच वाजता येऊन बांधते. फक्त तुमच्या मार्शलला तिथे उभा करा आणि शिट्टी वाजवायला सांगा.