चेंडू वर गेले म्हणून थकवा जात नाही

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'जुनाट थकवा म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी. कोविडात आणलेलं तीन चेंडूंचं मशीन काढा, रोज शंभर वेळा ओढा. दम लागला तरी थांबू नका. २१ दिवसांत थकवा मुळापासून जाईल.'

आधी ऑक्सिजनचं बघू. त्याच कोविडात आणलेला ऑक्सिमीटर बोटाला लावा. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार नसेल तर कितीही थकलेल्या माणसाचा आकडा बहुधा ९५ च्या वरच येतो. म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन ९५ टक्क्यांहून जास्त भरलेलंच असतं. भरलेल्या हिमोग्लोबिनमध्ये अजून काय भरणार? उलट भराभर खोल श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, ओठांना मुंग्या येतात. त्यालाच लोक 'गुण येतोय' म्हणतात.

मशीनही चुकीचं निवडलंय. चेंडूंचं मशीन ऑपरेशननंतर फुप्फुसं नीट फुगावीत म्हणून देतात. त्यावरचे ६००, ९००, १२०० हे आकडे सेकंदाला किती मिली हवा ओढली ते दाखवतात. झटका दिला की तिन्ही चेंडू टुणकन वर जातात आणि लगेच खाली पडतात. ताकद त्यातून कळत नाही. (काही जण तर त्यात फुंकतात!) श्वासाच्या स्नायूंच्या व्यायामाचं उपकरण वेगळं असतं. त्यात स्प्रिंगची झडप असते, ठरावीक जोर लावल्याशिवाय हवा आत येतच नाही. आधी माणसाचा जोर मोजतात आणि रुग्णाला बहुधा त्याच्या ३० टक्क्यांच्या आसपास सुरुवात करून देतात. स्नायू कमकुवत झालेल्या सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार), हार्ट फेल्युअरच्या (हृदय कमजोर पडलेल्या) रुग्णांना त्याचा उपयोग होतो. पण त्यानेही जुनाट थकवा मुळापासून जातो, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. २१ दिवस कुठून आले, देव जाणे.

खरा धोका 'थांबू नका'मध्ये आहे. आपल्या गावात हे चटकन पटतं. तालमीत अंग मोडून आलं तरी बैठका सुटत नाहीत. पण क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये, म्हणजे विश्रांती घेऊनही महिनोन्महिने न जाणाऱ्या थकव्याच्या आजारात, शरीर उलटं वागतं. झेपेल त्यापेक्षा जास्त केलं की त्रास लगेच नाही, बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी उसळतो आणि माणूस कित्येक दिवस, कधी आठवडे अंथरुणाला खिळतो. उपचार कसे करावेत याच्या मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २००७ साली या रुग्णांना व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवायला सांगितलं होतं. २०२१ मध्ये तो सल्ला काढून टाकला. म्हणून श्वासाचा व्यायाम करायचाच असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून, आडवं पडून, मोजकेच श्वास घ्या आणि पुढचे दोन दिवस अंग काय म्हणतंय ते बघूनच वाढवा.

आणि प्रत्येक थकवा म्हणजे हा आजार नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. मेसेज वाचून घरातल्या काकू-वहिनींच्या हातात मशीन देण्याआधी त्यांचं हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या.