सासूबाईंच्या टेबलावर जे ऐकलं

माजी सैनिकांच्या रीयुनियनला घरच्यांनी आवर्जून जावं. बायकांनी, मुलांनी, सुनांनीही. आणि गेल्यावर नुसतं ग्रुप फोटोत उभं न राहता वही घेऊन बसावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

माझे सासरे अमेरिकन. मी त्यांना बाबाच म्हणते. सत्तरच्या दशकात ते मोंटानातल्या माल्मस्ट्रॉम हवाई तळावर मिनिटमन या लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रवाहू मिसाइलच्या क्रूमध्ये होते. त्यांच्या जुन्या सोबत्यांचा मेळावा यंदा आमच्या युटामध्ये, ऑग्डेनला भरला आणि सासूबाई मला हट्टाने घेऊन गेल्या. तोवर बाबांच्या नोकरीबद्दल मला इतकंच ठाऊक होतं की ते जमिनीखाली ड्यूटी करायचे.

ती ड्यूटी म्हणजे चोवीस तासांची पाळी, दोन अधिकारी, जाडजूड पोलादी दारामागची बंदिस्त खोली आणि एका क्रूच्या जबाबदारीवर दहा मिसाइल. मिसाइल सोडायच्या दोन किल्ल्यांमधलं अंतर एवढं, की एकट्याला दोन्ही फिरवता येऊच नयेत. अमेरिका आणि सोव्हिएत युनियनमधला क्युबाचा पेच चालू होता तेव्हा, ऑक्टोबर १९६२ मध्ये, पहिली मिनिटमन याच माल्मस्ट्रॉमला सज्ज झाली. पुढे देशभरात त्या हजार झाल्या, आज ४०० आहेत. माल्मस्ट्रॉमचे सायलो, म्हणजे मिसाइल उभी ठेवायचे जमिनीतले खोल खड्डे, १३,००० चौरस मैलांहून मोठ्या मुलखात विखुरलेले. ऐन बर्फात ड्यूटीच्या जागी पोचायचं हीच एक मोहीम असायची.

ऑग्डेनजवळच्या हिल हवाई तळावरचा फेरफटका लवकर आटोपला. मी रमले ते प्रोमोंटरीला. थायोकोल कंपनीने पन्नासच्या दशकात तिथल्या उजाड माळावर कारखाना उभारला. मिनिटमनचा पहिला टप्पा, म्हणजे तिला जमिनीवरून उचलणारी मोटर, तिथलाच, आणि पुढे स्पेस शटलचे बूस्टरही. आता कारखाना नॉर्थरॉप ग्रुमनकडे आहे. इमारती एकमेकींपासून लांब लांब, कारण एकीत स्फोट झाला तर दुसरीला झळ लागू नये.

घन इंधन कसं करतात, हे मला तिथे पहिल्यांदा नीट समजलं. अमोनियम परक्लोरेट आणि अ‍ॅल्युमिनियमची पूड चिकट पॉलिमरमध्ये कालवायची, मोटरच्या नळकांड्यात ओतायची आणि ऊब देऊन घट्ट होऊ द्यायची. शेवटी ते खोडरबरासारखं होतं. मधोमध साचा ठेवलेला असतो. तो काढला की पोकळी राहते आणि इंधन कसं जळणार, जोर किती मिळणार, हे त्या पोकळीच्या आकारावर ठरतं. आधीच्या अ‍ॅटलास आणि टायटन-१ मध्ये सोडण्याआधी द्रवरूप ऑक्सिजन भरावा लागे. घन इंधनाची मिसाइल मात्र वर्षानुवर्षं तयारीत उभी राहू शकते. त्या तयारीपाशी रात्रंदिवस माणूस बसवायचा, हीच बाबांची नोकरी.

आमच्या गटात कारखान्यातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. बाबांना म्हणाल्या, “तुम्ही ज्यांची राखण केलीत, त्या आमच्या हातच्या.” बाबांनी त्यांचा हात कितीतरी वेळ सोडला नाही. अण्वस्त्रांचं कौतुक मला जमत नाही. बाबांनाही नाही, ती वापरायची वेळ आली नाही, याचंच त्यांना समाधान आहे. पण त्या दोघांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे.

खरी गोष्ट कळली ती संध्याकाळी, बायकांच्या टेबलावर. तिथे कुणाच्या नवऱ्याला कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी, तो कोणत्या तळावर होता, याची उजळणी चालली होती. या बायका हे गेली कित्येक वर्षं आपसात बोलताहेत. माल्मस्ट्रॉमच्या आजारांची चौकशी २००१ च्या सुमारास झाली होती आणि काळजीचं कारण नाही असं ठरलं होतं. मग जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या नऊ अधिकाऱ्यांना झालेल्या लिम्फोमाची (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) माहिती बाहेर आली आणि हवाई दलाने मोठा अभ्यास हाती घेतला. त्याच ऑगस्टमध्ये तिथल्या दोन भूमिगत केंद्रांत पीसीबीचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. जुन्या विद्युत उपकरणांत वापरलं जाणारं हे रसायन कॅन्सरला कारण ठरू शकतं. आजार त्यामुळेच झाले असं मी म्हणत नाही, ते अभ्यासकांनी ठरवावं. पण त्यांना लागणारी माहिती या बायकांच्या तोंडी आहे आणि त्यांची वयं ऐंशीच्या घरात आहेत. शस्त्राची गुपितं यांनी जन्मभर सांभाळली, पुढेही सांभाळतील. नवऱ्याच्या दुखण्यात गुपित काय आहे?

आणि किल्ल्या सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांपुरतं हे ठेवू नका. सायलोत उतरून दुरुस्ती करणारे, पहाऱ्यावरचे, वर स्वयंपाक करणारे, सगळ्यांची नोंद हवी.

आमच्या सातारा भागात तर गावोगाव माजी सैनिक. माझे एक मामा हवाई दलात पेचोरा या विमानं पाडणाऱ्या मिसाइलच्या युनिटमध्ये होते. लढाईच्या गोष्टी सांगणाऱ्यांभोवती पोरं जमतात; मामांनी वर्षानुवर्षं यंत्रणा चालू ठेवली, त्याबद्दल विचारायला कुणी येत नाही. डिसेंबरात गावी जाईन तेव्हा मामा आणि मामी दोघांनाही समोर बसवून सगळं विचारणार आहे.

इथल्या आयोजकांशी बोलले आहे. पुढच्या मेळाव्यात चहाच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल असेल: नाव, तळ, कोणतं काम, कोणती वर्षं आणि सांगायची तयारी असेल तर आजार. सासूबाई आणि मी ते सांभाळणार आहोत.