प्रयोगशाळेबाहेर पडलेला संशोधक गावाच्या काय कामाचा? : गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी,

सादर नमस्कार.

जैववैद्यकातील नवोदित संशोधकांना मिळणाऱ्या विज्ञान-धोरण आणि विज्ञान-संवाद फेलोशिपांवर (म्हणजे वर्ष-दोन वर्षे मानधन घेऊन सरकारी धोरणासाठी टिपणे लिहिण्याच्या किंवा विज्ञान लोकांपर्यंत पोचवण्याच्या संधींवर) मी लिहिलेल्या लेखावर आपण घाटंजी तालुक्यातून इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : सरकारी पैशावर पाच-सहा वर्षे शिकून तयार झालेल्या संशोधकाने प्रयोगशाळा सोडून दिल्लीत टिपणे लिहीत बसावे, ही उधळपट्टी आहे, जिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासणारा तंत्रज्ञ आठवड्यातून दोनच दिवस येतो, तिथे लेख लिहिणाऱ्यांचा उपयोग शून्य, आणि हा सगळा कारभार इंग्रजीत चालतो, त्यामुळे तो आमच्यासाठी नाहीच.

शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. माझ्या लेखात अर्ज कुठे करावा, निवड कशी होते, हे सगळे होते. पण निवड झालेला माणूस कोणत्या भाषेत आणि कोणासाठी काम करणार, याबद्दल एक ओळही नव्हती. ती चूक माझी आहे आणि लेखात मी तशी दुरुस्ती करत आहे.

पहिल्या दोन मुद्द्यांवर मात्र माझे मत वेगळे आहे, आणि ते कसे बनले हे सांगण्यासाठी मला आपल्याच जिल्ह्यातल्या एका घरात जावे लागेल. पीएचडी करताना सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या नमुन्यांसाठी मी गावोगाव फिरत असे. एका घरी आईने फडताळातून प्लॅस्टिकची पिशवी काढून नवराबायकोचे आणि मुलाचे रिपोर्ट माझ्यापुढे ठेवले. दोघे नवराबायको ‘एएस’, म्हणजे वाहक होते : स्वतः आजारी नाहीत, पण आजार मुलांकडे जाऊ शकतो. मुलगा ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजारी. ती दुसऱ्यांदा गरोदर होती. चारात एक मूल आजारी निघते, असे तिला कोणीतरी सांगितले होते. बोटे मोजत ती मला म्हणाली, “एक त झाला बिमार. आता बाकीचे तीन त चांगलेच होतीन नं?”

तिला सांगितलेले वाक्य चुकीचे नव्हते. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के असते, हे खरेच आहे. पण त्या वाक्यातला ‘प्रत्येक’ हा शब्द वाटेत गळून पडला होता आणि त्या एका शब्दावर त्या घराचा पुढचा निर्णय उभा होता. मी दोन वाट्या मागवल्या, एक आईची आणि एक बापाची. दोन्हींत तुरीचा एक (हा आजाराचा) आणि हरभऱ्याचा एक (हा निरोगी) दाणा टाकला, आणि तिला डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचलायला सांगितले. दोन्ही तुरीचे आले तर मूल आजारी. दाणे पुन्हा वाटीत टाकायचे आणि पुन्हा उचलायचे. तिसऱ्या खेपेला तुरीचे दोन आले आणि लगेच पुढच्या खेपेला पुन्हा दोन. ती बराच वेळ हातातल्या दाण्यांकडे पाहत राहिली. मग तिने पोटातल्या बाळाची तपासणी कुठे होते, ते विचारले.

या सगळ्याला पाऊण तास लागला. माझ्या नोंदवहीत त्या पाऊण तासासाठी रकाना नव्हता. नमुना घेतला की नाही, एवढाच होता. प्रयोगशाळेत परतल्यावर मार्गदर्शकांना हे सांगितले, तर हे आपले काम नव्हे, असे उत्तर मिळाले. मग कोणाचे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यापाशी आहे.

आणखी एक गोष्ट आपण गावात पाहिली असेल. शिबिरात केली जाणारी पहिली चाचणी, म्हणजे विद्राव्यता चाचणी, रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे पुढच्या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतच कळते. पण ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द पुढच्या तपासणीआधी गावभर पोचतो आणि ठणठणीत वाहक मुलीची सोयरीक मोडते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले. शून्य ते ४० वर्षे वयाच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. समुपदेशन हा त्याचाच भाग आहे. मात्र कोलामी, गोंडी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या घरात ते कोणत्या शब्दांत करायचे, त्यासाठी किती वेळ धरायचा आणि तो वेळ कोणाच्या कामात मोजायचा, हे त्या घरात बसलेल्या आणि हिमोग्लोबिनही समजणाऱ्या माणसाने कागदावर आणावे लागते. धोरण आणि संवाद या दोन फेलोशिपांची नावे वेगळी असली, तरी इथे त्या एकाच कामाची दोन टोके आहेत.

आपल्या तंत्रज्ञाचा प्रश्नही इथेच येतो. किती नमुन्यांमागे किती तंत्रज्ञ, रसायने संपण्याआधी मागणी कोणी नोंदवायची, अहवाल किती दिवसांत घरी पोचला पाहिजे, हे सगळे कुठल्यातरी टिपणातच ठरते. ते टिपण लिहिणाऱ्याने आपले आरोग्य केंद्र कधी पाहिलेच नसेल, तर तंत्रज्ञ दोनच दिवस येत राहील.

शास्त्रीय पुरावा आणि अंमलबजावणी यांत किती अंतर पडते, याचे उदाहरण विदर्भातलेच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत राबवून पाहिली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ही पद्धत आशा कार्यकर्तीच्या कामात देशभर आली ती २०११ मध्ये. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात, आणि त्यांबद्दल आशाला २५० रुपये, हे जे ठरले आहे, ते शोधनिबंधातून आपोआप उतरले नाही. बंग दांपत्याने आपल्या कामाचा पाठपुरावा स्वतः केला. पण नोकरी टिकेल की नाही याची खात्री नसलेल्या तिशीतल्या संशोधकाने वर्षानुवर्षे तो कशाच्या बळावर करावा? अमेरिकेत एएएएस या शास्त्रज्ञांच्या संस्थेने १९७३ मध्ये सात शास्त्रज्ञांना काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कार्यालयांत पाठवून असा मार्ग सुरू केला. आपल्याकडेही केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची धोरण-संशोधन केंद्रे आहेत. त्यांपैकी एक बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे. म्हणून अशा वर्ष-दोन वर्षांच्या मानधनाला मी उधळपट्टी म्हणू शकत नाही. ते सगळे मानधन महानगरांतच खर्च व्हावे, हे मात्र मलाही पटत नाही. वर्षातले निदान चार महिने तालुक्याच्या ठिकाणी काम आणि शेवटचा अहवाल इंग्रजीबरोबर मराठीतही, या दोन अटी असायलाच हव्यात.

मी स्वतः यंदा अशा एका फेलोशिपसाठी अर्ज करत आहे आणि त्यासोबतच्या दोन पानी टिपणात या अटी मी स्वतःसाठी लिहिल्या आहेत. त्यासाठी आपली मदत हवी आहे. आपल्या गावातील आशाताईंना सिकलसेलविषयी घरोघरी जे प्रश्न विचारले जातात, ते त्यांच्याच शब्दांत, काहीही न सुधारता, आपण लिहून पाठवाल का? दहा-बारा प्रश्न आले तरी पुरेत. कापसाची पहिली वेचणी आटोपली की मी घाटंजीला येईन. तेव्हा आरोग्य केंद्रात तंत्रज्ञ असतो त्या दिवशी आपण सोबत जाऊ.

आपली नम्र,
लेखिका